मागच्या सीटखालचा वास

आमच्या ह्यांना सगळा रस्ता उस्ताद म्हणतो. मीही म्हणते, पण चिडवायला. गॅरेज खाली, घर वर, मध्ये लोखंडी जिना. लग्न करून आले त्या दिवसापासून माझ्या उशीलासुद्धा पेट्रोलचा वास आहे. पार्टचं कपाट, गिऱ्हाइकांची तोंडं आणि ह्यांचा हेकटपणा, हे सगळं सांभाळायचं मी. हे फक्त गाड्या सांभाळणार. त्याही नाकानं.

थट्टा नाही करत. बॉनेट उघडायचं, डोळे मिटायचे, एक लांब श्वास घ्यायचा. "क्लच जळालाय." "रेडिएटर गळतोय, गोडसर वास येतोय बघ." एकदा एका बाईंना म्हणाले, "तुमच्या एसीच्या नळीत उंदीर मेलाय." बाई किंचाळत रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. उंदीर निघाला, आणि निघाला तो नळीतूनच. काम संपलं की पुन्हा एकदा वाकून वास घ्यायचे आणि बोट वर करून म्हणायचे, "चोख." हा त्यांचा शिक्का. तो बसल्याशिवाय गिऱ्हाईक किल्ली फिरवायचं नाही.

समोर ज्यानं गॅरेज टाकलंय तो ह्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं गळती शोधायचं यंत्र आणलं. गाडीच्या बंद नळ्यांत धूर सोडायचा, तो जिथून बाहेर येईल तिथे भोक. तर आमच्या उस्तादांनी अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं विचारलं, "काय रे, गाड्यांना हुक्का पाजतोस का?" तो बिचारा हसला. मी घरात आल्यावर ह्यांची चांगली खरडपट्टी काढली, पण ह्यांच्यावर कसला परिणाम होतोय!

आता माझ्या नणंदेचं सांगते. ह्यांची धाकटी बहीण, हे तिला तायडी म्हणतात. व्हॅन चालवते. डायलिसिसच्या पेशंटना घरून केंद्रावर न्यायचं आणि झालं की परत घरी सोडायचं. तोंडानं तिखट, पण पेशंटचा हात धरून एकेक पायरी उतरवते, हे मी स्वतः पाहिलंय. आमचं दोघींचं रोज काहीतरी वाजतं आणि रोज मिटतं. पण गाडीचा विषय आला की तिला जगात एकच माणूस दिसतो, तो म्हणजे दादा.

त्या व्हॅनच्या काट्यांशेजारी इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि विझेना. ह्यांनी स्कॅनर जोडला. तो एवढंच म्हणाला की पेट्रोलच्या टाकीतली वाफ कुठूनतरी निसटतेय. कुठून, ते यंत्राला कळत नाही. टाकीत पेट्रोलची वाफ सतत होत असते. ती हवेत जाऊ नये म्हणून नळीवाटे कोळशाच्या डब्यात साठवतात आणि मग इंजिनात जाळतात. त्या वाटेवर कुठेही फट पडली की हा दिवा. ह्यांनी टाकीचं झाकण बदललं, वास घेतला, "चोख" म्हणाले, दिवा पुसला. चार दिवस बरे गेले आणि दिवा परत आला. मग वाफेचा व्हॉल्व्ह बदलला. चोख. दिवा परत. मग डब्याच्या नळ्या. चोख. परत दिवा हजर! मी म्हटलं, "उस्ताद, हा दिवा तुमच्यापेक्षा हेकट निघाला." ते हसले नाहीत. एरवी माझ्या टोमण्याला उलटा टोमणा तयार असतो. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

पेशंट कुरकुर करायला लागले होते. सगळ्यांत जास्त कंडक्टर. म्हणजे आधी बसवर कंडक्टर असलेले एक म्हातारे गृहस्थ, त्यांची मागच्या सीटवर खिडकीजवळची जागा ठरलेली. "बाई, पेट्रोलचा वास येतो, पोटात ढवळतं," असं ते रोज म्हणायचे.

"ढवळणारच की, वहिनी," नणंद आमच्या ओट्यावर बसून सांगायची. "चार तास सुया टोचून घेऊन आलेल्या माणसाला काय गुलाबाचा वास येणार आहे? दादानं वास नाही सांगितलं म्हणजे नाही. आणि हाच मेला मागे बसून चोरून सिगारेट ओढतो. काच बोटभर खाली करायची आणि धूर बाहेर सोडायचा. दोनदा काडेपेटी काढून घेतली मी."

मीही एकदा व्हॅनमध्ये डोकं घालून बघितलं होतं. मला काही आला नाही. मग मीही त्या गृहस्थांना मनातल्या मनात कुरकुऱ्या ठरवून मोकळी झाले.

त्या दिवशी सकाळी नणंद टाकी फुल करून आली. दिवा पुन्हा पेटलेला. घाईत होती. ह्यांनी मागचं दार उघडलं, आत वाकले, नेहमीसारखा लांब श्वास घेतला. "चोख आहे. जा तू. परवा निवांत बघतो." ती गेली. मी पार्ट आणायला बाजारात गेले.

दुपारी परत आले तर जिन्याच्या मधल्या पायरीवरच नाकात गॅसचा वास घुसला. साधासुधा नाही, डोळ्यांत पाणी येईल असा. पिशव्या तिथेच टाकल्या आणि धावले. स्वयंपाकघरात हे टेबलाशी निवांत बसलेले. शेगडीवर चहा उतू जाऊन आच विझली होती आणि गॅस फुसफुसत सुटला होता. ह्यांच्या पुढ्यात कुणाचा तरी फुटका इंडिकेटर, एका हातात सोल्डरिंग गन आणि दुसऱ्या हातातली तिची पिन बोर्डाकडे निघालेली.

"हात लावू नका!" मी अशी ओरडले की माझा मलाच आवाज ओळखू आला नाही.

ते दचकले. मी गॅस बंद केला, खिडक्या सताड उघडल्या, सिलिंडरचं बटण पिरगाळलं. बोर्डाला हात लावला नाही. हे मात्र पिन हातात धरून माझ्याकडे बघत बसले होते.

"काय झालं गं?"

"काय झालं? अहो, घर उडालं असतं! एवढा वास सुटलाय आणि तुम्ही..."

"कसला वास?"

आधी वाटलं, चेष्टा करतात. मग त्यांचा चेहरा बघितला. पेपर कोरा देताना पकडलेल्या पोराचा चेहरा. मी ओट्याखालची फिनेलची बाटली काढली, झाकण उघडलं आणि त्यांच्या नाकाला लावली. बाई गं, डोळा लवला नाही माणसाचा.

"कधीपासून?" मी विचारलं.

"ताप आला होता ना मागे. तेव्हापासून."

"त्या तापाला वर्ष होत आलं!"

"वाटलं, येईल परत." पिन खाली ठेवली त्यांनी. "आधी वाटलं सर्दी आहे. मग वाटलं, आज नाही तर उद्या. मग कुणाला सांगायचं तरी कसं गं? लोक मला बोलावतात ते ह्याच्यासाठी. हे गेलं तर मी कोण? पाने फिरवणारा कुणीही."

"आणि गाड्या?"

"हातानं. कानानं. इतक्या वर्षांची सवय आहे, जमून जातं. वास घेतल्यासारखं करायचं फक्त."

मला राग यायला हवा होता, आला पण. पण त्याच्याआधी दुसरंच काहीतरी आठवलं. आमच्या लेकीला बाळ झालं, ते त्या तापानंतर. ह्यांनी नातीला पहिल्यांदा मांडीवर घेतलं, तिच्या टाळूला नाक लावलं आणि डोळे मिटून म्हणाले होते, "अहाहा!" आम्ही सगळे हसलो होतो. लेकीनं फोटो काढला होता. तो भिंतीवर आहे.

"नातीचा पण?" मी म्हटलं. "ते पण खोटंच?"

त्यांनी मान हलवली आणि रडले. माझा नवरा माझ्यासमोर कधी रडला नव्हता, बापाच्या वेळीही नाही. मला काय करावं कळेना. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तेवढ्यात त्यांनी मान वर केली. चेहरा पांढराफटक.

"तायडीची गाडी," ते म्हणाले.

"तिचं काय?"

"तिच्या टाकीतला पेट्रोलचा पंप मी बदलला होता. तापानंतर. पंप टाकीच्या तोंडावर बसतो आणि ते तोंड मागच्या सीटच्या बरोब्बर खाली आहे. वर रबराची रिंग बसते. ती रिंग बसवली, वाकलो, वास घेतला, चोख म्हटलं." त्यांना धाप लागली होती. "दिवा लागला तेव्हा सगळीकडे हात घातला गं मी. तिथे नाही घातला. म्हटलं, तिथला वास तर आपण घेतलाय."

बघा म्हणजे! नाक मेलेलं आहे हे ज्याला एकट्याला माहीत, तोच त्या नाकाच्या शब्दावर विसंबून राहिला. सवय म्हणतात ती ही.

"आज टाकी फुल आहे," मी म्हटलं. "आणि मागे कंडक्टर बसतो."

काडेपेटीचं दोघांनाही ठाऊक होतं. पुढचं बोलायची गरज पडली नाही. मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हे तिला मीच कानीकपाळी ओरडून शिकवलं होतं. मी सांगितलेली एक गोष्ट ती आयुष्यात ऐकते आणि नेमकी हीच! डायलिसिस केंद्रावर फोन केला तर तिथली बाई म्हणाली, "आत्ताच निघाल्या सगळ्यांना घेऊन."

खाली एका गिऱ्हाइकाची स्कूटर दुरुस्त होऊन उभी होती. हे पुढे, मी मागे. सिग्नलला लाल दिवा लागला तसा मी मागून ओरडले, "जा हो!" आणि लगेच म्हटलं, "नाही, थांबा, मराल!" ते थांबले. तो दिवा हिरवा होईपर्यंत मी त्यांचा शर्ट इतका घट्ट धरला होता की शिवण उसवली. डोक्यात एकच चित्र. बंद काचा, कारण डायलिसिसनंतर त्या माणसांना थंडी वाजते. आत वाफ कोंडलेली. आणि मागच्या सीटवर एक म्हातारा खिसा चाचपतोय.

पुलाच्या अलीकडे एक ट्रक आडवा झाला होता, गाड्यांची रांग लागलेली. त्या ट्रकवाल्याचं भलं होवो. रांगेत मला व्हॅन दिसली. काचा बंद. फक्त मागची एक काच बोटभर खाली.

ह्यांनी स्कूटर स्टँडला लावली नाही, चालू तशीच सोडून दिली. ती आडवी झाली, मी कशीबशी बाजूला उडी मारली. हे ह्या वयात तसे धावलेले मी कधी बघितले नव्हते. व्हॅनच्या मागच्या काचेवर त्यांनी तळहात आपटले. आत कंडक्टर, ओठांत सिगारेट, एका हातात काडेपेटी, दुसऱ्या हातात काडी. ओढलेली नाही. नुसती धरलेली.

त्यांना वाटलं, चोरी पकडली. शाळकरी पोरासारखी त्यांनी काडेपेटी पटकन मांडीखाली दडवली. सिगारेट ओठांतच राहिली.

ह्यांनी दार सरकवलं. "उतरा. सगळे उतरा. सावकाश, पण लगेच. तायडे, इंजिन बंद कर."

"दादा, डोकंबिकं फिरलंय का तुझं?" नणंद पुढून कडाडली. "भर रस्त्यात? ही माणसं उभी राहू शकत नाहीत!"

"मी धरतो त्यांना. तू इंजिन बंद कर!"

ह्यांनी तिच्यावर कधी आवाज चढवलेला नाही. तिनं किल्ली फिरवली. एकेकाला आम्ही फुटपाथवर आणून बसवलं, शाली नीट केल्या. प्रत्येकाच्या दंडाला पट्टी बांधलेली. एका आजींनी माझा हात सोडलाच नाही. मग मी परत जाऊन व्हॅनमध्ये डोकं घातलं आणि छातीभर श्वास घेतला. मला काहीच वास आला नाही. म्हणजे बघा, गॅसचा वास मला जिन्यात आला आणि पेट्रोलचा नाकाखाली येईना. इतकी वर्षं त्यातच झोपते, उठते, मला कुठून येणार!

"येत नाही हो," मी म्हटलं.

"येतोय की," फुटपाथवरून कंडक्टर म्हणाले. "रोजच येतो. आज तर डोकं भणभणलंय नुसतं." त्यांनी ती ओली झालेली सिगारेट हातात घेतली आणि नणंदेकडे बघून ओशाळून म्हणाले, "बाई, डॉक्टरांनी बंद सांगितलंय मला, मी सोडलीही होती. पण त्या वासानं उलटी येते. सिगारेट ओढली की तो वास जरा मरतो. म्हणून ओढायचो."

नणंद जागच्या जागी थिजली. मग ती भावाकडे वळली. "दादा, तू तर म्हणालास..."

"मला वास येत नाही, तायडे." रस्त्याच्या मधोमध, हॉर्न वाजत असताना, ह्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "वर्ष झालं. कशाचाच येत नाही. मी खोटं बोललो. तुझ्याशी, ह्यांच्याशी, सगळ्यांशी. ह्यांची नाकं खरी होती."

मला वाटलं, ती आता त्यांना उभं-आडवं घेणार. घ्यायलाच हवं होतं. तिनं एक हात कमरेवर ठेवला, दुसऱ्यानं डोळे पुसले आणि एवढंच म्हणाली, "मी ह्या माणसांना वेड्यात काढत होते रे. तुझ्या जिवावर." मग कंडक्टरांपुढे जाऊन खाली बसली आणि त्यांची माफी मागितली. हे बाजूला उभे होते. त्यापेक्षा दोन थोबाडीत बसल्या असत्या तर त्यांना सोसलं असतं.

केंद्रानं दुसरी गाडी पाठवली. व्हॅन आम्ही चालू केली नाही. टोचन लावून ओढत आणली आणि गॅरेजबाहेर मोकळ्यावर उभी केली, सगळी दारं उघडी टाकून.

मग हे रस्ता ओलांडून समोर गेले. आपण होऊन. मी दारातून बघत होते. काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण त्या पोराचा चेहरा आधी चमकला आणि मग एकदम गंभीर झाला. तो यंत्र ढकलत घेऊन आला आणि हुक्क्याचा ह सुद्धा काढला नाही. त्याच्या आईबापांनी चांगलं वळण लावलंय.

मागची सीट काढली. खालच्या पत्र्याचं झाकण उघडलं. समोरच्यानं वाफेच्या नळीला यंत्र जोडून धूर सोडला. पहिल्यांदा काहीच नाही. पुढे नाही, चाकापाशी नाही, टाकीच्या झाकणापाशी नाही. मला क्षणभर वाटलं, देवा, ह्यांची चूक नसू दे, दुसरं काहीही असू दे. मग पंपाच्या कडेनं एक बारीक पांढरी रेघ वर आली. थांबली नाही. वर येत राहिली, बरोब्बर कंडक्टर बसायचे तिथून.

ह्यांनी पंप उघडला आणि रिंग बाहेर काढली. खाचेतून सरकून एका बाजूला दुमडली गेली होती, चपटी झाली होती. बसवताना ज्यानं बसवली त्याच्याच हातून झालेलं.

"माझीच," ते म्हणाले.

नवी रिंग बसवली. मग वाकायची सवय म्हणून वाकले, अर्ध्यात थांबले आणि सरळ झाले. समोरच्याला म्हणाले, "सोड धूर." धूर कुठूनही आला नाही. तरी त्यांनी त्याला पुन्हा सोडायला लावला, पुन्हा, आणि पुन्हा. शेवटी तो म्हणाला, "उस्ताद, झालंय आता." तेव्हा कुठे सीट बसवली.

दिवा त्यानंतर लागला नाही. पण नणंद रोज केंद्राकडे जाताना गॅरेजसमोर व्हॅन थांबवते आणि मागे वळून विचारते, "कंडक्टर, काय म्हणतंय नाक?" ते म्हणतात, "काही नाही." मग ती माझ्याकडे बघून पुढे जाते. भावाशी तिचं बोलणं थोडं थोडं सुरू झालंय. पूर्वीसारखं नाही. व्हायला वेळ लागेल आणि लागायलाच हवा. गिऱ्हाइकांना ह्यांनी स्वतः सांगून टाकलं. काही समोर गेले, बरेचसे राहिले. आता काम झालं की धूर सोडतात आणि "चोख" म्हणत नाहीत.

परवा लेक आली होती. नातीला ह्यांच्या मांडीवर ठेवून ती आत गेली. पोर आता बसायला लागलीय, ह्यांच्या शर्टाचं बटण चघळत होती. त्यांनी तिच्या डोक्याला नाक लावलं नाही.

मग मला म्हणाले, "अगं, कसा येतो हिच्या टाळूचा वास? मला सांग ना."

मी जवळ बसले आणि वाकले. म्हटलं, "कोमट. दुधाचा आहे थोडा. उन्हात वाळलेल्या कपड्यासारखा आहे." मला काही नीट सांगता येईना. मी आयुष्यभर ह्यांना टोमणे मारले, असलं काही सांगायची वेळ कधी आली नव्हती. मग एकदम सुचलं. "अहो, आपल्या लेकीच्या डोक्याचा यायचा ना तान्हेपणी? तसाच."

"तसाच?"

"अगदी तसाच."

त्यांनी डोळे मिटले आणि पोरीला जवळ घेतलं.

"मग माहीत आहे मला तो," म्हणाले.